आधी पडायला शिका: अख्ख्या घराने कयाक कशी चालवावी

इंदूरमध्ये कयाकचं नाव काढलं की समोरच्याला रीजनल पार्कातली पेडल-बोट आठवते. ती पायांनी चालवायची. मी सांगते आहे ते पॅडल, म्हणजे वल्हं. नावेला कुठेही न जखडलेलं, हातात मोकळं धरायचं, आणि तोंड जायच्या दिशेला. पाय पुढे पसरून बसायचं आणि वल्ह्याच्या दोन्ही टोकांना पातं असेल तर ती कयाक. गुडघ्यावर बसून एकाच पात्याने वल्हवायचं तर ती कॅनो. घरच्यांना न्यायचं असेल तर कयाकच घ्या, आणि तीही उघडी, वर बसायची. भोकात पाय घालून बसायची बंद कयाक नवशिक्याला देऊच नये, त्यातून पोटाचा घेर वाढलेल्याला तर नाहीच.

मी चव्वेचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली, आता एकसष्टावं संपत आलं. एवढ्या वर्षांत आमच्या रामबागेतल्या घरातून सासूबाई, दीर, वहिनी, भाचा आणि भाचीची सात वर्षांची मुलगी असे सगळे माझ्यामागे पाण्यात उतरले. आणि प्रत्येकाला कोणी ना कोणी तेच तीन सल्ले दिले: दंडात ताकद हवी, या वयात हे कशाला, आणि तरंगायचं जॅकेट असलं की पोहता नाही आलं तरी चालतं.

वयाचं आधी निकालात काढू. जर्मनीच्या बिर्गिट फिशरने कयाकमध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं ते 1980 साली मॉस्कोत, अठराव्या वर्षी. 2004 साली अथेन्सला पुन्हा जिंकलं तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. इटलीची योसेफा इडेम 2012 च्या लंडन ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत पाचवी आली, सत्तेचाळिसाव्या वर्षी. ते तिचं आठवं ऑलिंपिक. लांब कशाला, आपल्या ग्वाल्हेरची प्राची यादव. पायांची साथ नसताना भोपाळच्या बड्या तलावात तयार झाली, टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये अंतिम फेरीत गेली आणि 2023 मध्ये हांगझोऊच्या पॅरा आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेऊन आली. त्यामुळे ‘गुडघे दुखतात’ हे माझ्यापुढे चालत नाही. राहिले दोन सल्ले, त्यांच्याकडे खाली येतेच.

पाणी

इंदूरचे सिरपूर आणि यशवंतसागर हे दोन्ही तलाव 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहेत. तिथे दुर्बीण घेऊन जा, वल्हं नको. शिकायला सगळ्यात चांगलं पाणी भोपाळच्या बड्या तलावाचं: वाहत नाही, आणि राज्याची जलक्रीडा अकादमी तिथेच असल्याने जाणती माणसं आसपास असतात. फक्त दुपारी वारा सुटायच्या आत बाहेर या.

आम्ही बहुतेक वेळा नर्मदेकाठी महेश्वरला जातो, जाम घाट उतरून. तिथे दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. एक, वरच्या अंगाला ओंकारेश्वरचं धरण आहे. वीज तयार करायला पाणी सोडलं की निरभ्र आकाशाखालीसुद्धा नदी चढते. 7 एप्रिल 2005 ला देवास जिल्ह्यातल्या धाराजीला भूतडी अमावस्येच्या जत्रेत असंच इंदिरासागर धरणातून सोडलेलं पाणी आलं आणि साठहून अधिक माणसं गेली. म्हणून उतरण्याआधी घाटावरच्या नावाड्यांना विचारायचं, आज पाणी कसं आहे. ते नको म्हणाले तर पोहे-जिलबी खाऊन परत यायचं. दुसरी गोष्ट, नेहमी आधी प्रवाहाविरुद्ध वर जायचं, म्हणजे दमल्यावर नदी परत आणून सोडते. उलट केलंत तर खाली जलकोटीला सहस्रधारा आहे, तिथे नदी खडकांमधून खळाळत जाते. 2023 मध्ये खेलो इंडियाची कॅनो स्लॅलम, म्हणजे खळाळत्या पाण्यात टांगलेल्या दांड्यांमधून नाव काढायची शर्यत, तिथे झाली यावरून त्या पाण्याची कल्पना करा.

पावसाळ्यात नाही म्हणजे नाही. दिवाळीनंतर ते होळीपर्यंत उत्तम. जानेवारीत ऊन अंगावर आल्याशिवाय उतरू नये.

जॅकेट, बसणं, वल्हवणं

जॅकेट घालून सगळे पट्टे आवळा आणि दुसऱ्याला दोन्ही खांदे धरून वर उचलायला सांगा. कानापर्यंत आलं तर ते तुमच्या मापाचं नाही. मुलांचं जॅकेट वयावर नाही, वजनावर घ्यायचं, आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. मुलाला नावेला बांधायचं नाही. हे लिहावं लागतंय, कारण बांधलेलं मी पाहिलं आहे.

बसताना गुडघाभर पाण्यात नाव पायरीला समांतर आणा. आधी बूड, मग पाय. उतरताना उलट.

वल्हं डोक्यावर आडवं ठेवा. कोपर काटकोनात आले की हात बरोबर जागी आहेत. पात्याची खोलगट बाजू आपल्याकडे. पावलाशेजारी पाण्यात घाला, कमरेशी बाहेर काढा. ताकद दंडाची नाही, धडाची. सासूबाईंना हे सांगावंच लागलं नाही. त्या म्हणाल्या, ‘जातं ओढतात तसंच की.’ तसंच. जिममध्ये जाणारा भाचा मात्र दंडाने ओढत राहिला आणि अर्ध्या तासात खांदे धरून बसला.

पडलात, आता परत चढायचं

हा लेख खरं तर एवढ्यासाठीच. वल्हवणं कोणालाही तासाभरात येतं. माणसं कयाक सोडतात ती पहिल्यांदा पडल्यानंतर, परत चढता आलं नाही म्हणून. चाळिशीपुढची तर हटकून.

मी स्वतः सोडली होती. महेश्वरला एका शिबिराच्या दुसऱ्या दिवशी पडले. शिकवणारा आधीच सांगून मोकळा झाला होता की जॅकेट आहे, काही होत नाही. झालं काहीच नाही, पण मी नावेतही परत गेले नाही. कडेला दोन्ही हातांनी लोंबकळून वर यायला जावं, की पाय नावेखाली सरकत आणि नाव माझ्या डोक्यावर पालथी होई. असं सात-आठ वेळा. शेवटी एका नावाड्याने दोरी लावून, म्हशीचं रेडकू आणावं तसं मला घाटावर आणलं. अंघोळीला आलेल्या बायका बघत होत्या. आठवडाभर दंड काळेनिळे. घरी आल्यावर सगळ्यांचं एकमत, दंडात ताकद नाही. मी दोन महिने डंबेल उचलले. नंतर पाण्यात पुन्हा तेच झालं आणि दोन वर्षं मी वल्ह्याला हात लावला नाही.

उलगडा केला तो त्याच नावाड्याने, तोही हसत: ‘मछली नाव में खड़ी आती है क्या, दीदी?’ मासा नावेत उभा येत नाही, आडवा येतो.

एवढंच आहे. पाण्यात उभे लोंबकळत असाल तर अर्धंअधिक वजन सरळ वर उचलायला लागतं, आणि ज्या कडेला तुम्ही ओढता तीच कड खाली येऊन नाव उलटते. तेच शरीर पाण्यावर आडवं केलं की वजन पाणी पेलतं. तुम्हाला फक्त सरकायचं असतं.

आता क्रमाने. पडताच आधी नाव धरा, वल्हं नंतर. वारा असेल तर रिकामी नाव तुमच्या पोहण्यापेक्षा वेगाने जाते. वल्ह्याला दोरी बांधून ती नावेत अडकवलेली असली की हा प्रश्नच येत नाही. नाव पालथी असेल तर मध्यावर जा, बुडावरून हात टाकून पलीकडची कड किंवा पट्टा धरा, गुडघे अलीकडच्या कडेला टेकवा आणि मागे रेला. सरळ होते.

मग बसायच्या जागेशेजारी या, टोकाकडे नाही. एक हात जवळच्या कडेवर, दुसरा पलीकडच्या पट्ट्यावर. आणि आता ओढू नका. इथेच सगळे घाई करतात. मी शंभर जणांना सांगितलं असेल आणि नव्वदांनी घाई केली. आधी पाय मारायचे. टाचा पाण्यावर दिसेपर्यंत, अंग पाटासारखं आडवं होईपर्यंत. हनुवटी पाण्याला लागली तरी चालेल. मान वर ताणलीत की पाय बुडालेच. अंग आडवं झालं की दोन-तीन लाथा जोरात मारा आणि त्याच दमात नाव पोटाखाली ओढून घ्या, थंडीत गोधडी ओढतो तशी. तुम्ही नावेवर चढत नाही, नाव तुमच्याखाली येते. बेंबी बरोबर बसायच्या जागेवर आली की थांबा. मासोळीसारखे आडवे पडून दोन श्वास घ्या. दिसायला हे फार वाईट दिसतं. दिसू द्या. मग कूस बदलून पाठीवर या, बूड खोबणीत बसवा, आणि पाय सगळ्यात शेवटी आत. मध्येच उठून बसायला गेलात तर पुन्हा पाण्यात.

ज्यांना एवढी लाथ मारवत नाही त्यांच्यासाठी पावडी. बॅगेला असते तसली रुंद नायलॉनची पट्टी घ्या, पलीकडच्या कडेला बांधा, नावेवरून अलीकडे आणा आणि तिचा फास पाण्याखाली गुडघ्याच्या उंचीवर सोडा. त्यात पाऊल ठेवून सायकलवर चढल्यासारखं वर यायचं. बारीक दोरी वापरू नका, पाऊल कापतं आणि अडकतं. पलीकडून कोणीतरी नाव दाबून धरलीच पाहिजे: दुसरी कयाक शेजारी लावायची आणि तिच्यातल्याने दोन्ही हात पडलेल्याच्या नावेवर आडवे टाकायचे. मदत करणाऱ्याने पडलेल्याचा हात धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. जॅकेटचे खांद्यावरचे पट्टे धरायचे, ते त्यासाठीच मजबूत असतात.

सराव नावेशिवायही होतो. तरणतलावात खोल बाजूला कठडा धरून एकदा पाय लोंबते ठेवून वर यायचा प्रयत्न करा, मग पाय मारून आडवं होऊन करा. फरक पहिल्या संध्याकाळीच कळेल. पंचवीस मीटरही पोहता येत नसेल तर आधी तिथेच तीन महिने घालवा; तोवर पोहणारा मागे बसलेल्या जोडी-कयाकमध्ये, छातीभर पाण्याच्या पुढे न जाता हिंडा. जॅकेट डोकं वर ठेवतं. नावेत बसवत नाही.

आमच्या घरचा नियम असा: हंगामाच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने छातीभर पाण्यात मुद्दाम दहा वेळा पडायचं. लागोपाठ दोनदा चढता आलं नाही तर त्या दिवशी खोल पाणी नाही. दीर तीन वर्षं रागावून काठावर बसत. यंदा चढले.

घरातले बाकीचे

लहान मूल जोडी-कयाकमध्ये पुढे बसतं. त्याला छोटं वल्हं द्या, दिशा बिघडेल, बिघडू द्या. वीस मिनिटांनी खाऊ. मुलं पडण्याचा सराव आनंदाने करतात, थांबवावं लागतं.

वहिनींची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा ज्याने त्याने बजावलं की त्या बाजूच्या हाताला श्रम नकोत, सूज येईल. पूर्वी वैद्यकातही हाच समज होता. 1996 मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी अशा 24 स्त्रियांना ड्रॅगन बोटीत, म्हणजे अनेकांनी मिळून वल्हवायच्या लांब नावेत, बसवून वल्हवायला लावलं. सूज वाढली नाही, आणि आज जगभर अशा बायकांचे चमू आहेत. वहिनी आपल्या सर्जनला विचारून, दहा मिनिटांपासून सुरू करून दीड वर्षात तासावर आल्या. तुम्हीही आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, शेजारणीला नको.

सासूबाई सत्त्याहत्तरच्या. पाठीला टेकू असलेली बैठक, चष्म्याला दोरी, मागे पट्टा असलेल्या सँडल, रक्तदाबाची गोळी घरूनच घेतलेली. चाळीस मिनिटांत काठाला. पावडीवर पाय देऊन, भाच्याने नाव दाबून धरल्यावर, त्या वर्षातून दोनदा पाण्यातून चढून दाखवतात. तिसऱ्यांदा सांगितलं तर ऐकत नाहीत.

हवेची कयाक असेल तर जेवायला बसताना ती उन्हात फुगलेली ठेवू नका, हवा तापून शिवण उसवते. थोडी हवा सोडून सावलीत ओढा. घरी आल्यावर गच्चीवर दोन्ही बाजूंनी वाळवा आणि मगच घडी घाला. एकदा ओलीच कपाटावर टाकली होती, पुढच्या रविवारी गाडीत बसवेना इतका वास.