धीर धरायला शिकताना : सुरुवात तेराव्या स्तोत्रापासून

धीर धरणे म्हणजे तक्रार गिळून गप्प बसणे, अशी समजूत ख्रिस्ती मंडळीतही पुष्कळांची असते आणि नेमकी तीच धीर शिकण्याच्या आड येते. म्हणून सुरुवात बायबलच्या स्तोत्रसंहितेतील तेराव्या स्तोत्रापासून करावी. अवघ्या 6 वचनांच्या या स्तोत्रात ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा थेट देवालाच विचारलेला आहे. पहिल्या दोन वचनांत गाऱ्हाणे, पुढच्या दोनांत मागणे आणि शेवटच्या दोनांत भरवसा, अशी त्याची चाल आहे. रोज सकाळी ते मोठ्याने वाचावे, पहिल्या दोन वचनांनंतर थांबून स्वतःचे गाऱ्हाणे स्पष्ट शब्दांत मांडावे आणि भरवशाच्या वचनांकडे जाण्याची घाई करू नये. वडिलांच्या दीर्घ आजारपणात कित्येक आठवडे मी तिथवर पोहोचूच शकलो नव्हतो. परंतु गाऱ्हाणे देवापुढे मांडले जाऊ लागल्यावर ते घरातल्या माणसांवर निघणे कमी झाले.

यानंतर याकोबाच्या पत्रातील शेतकऱ्याकडे वळावे (5:7). पहिल्या व शेवटल्या पावसाची तो वाट पाहतो, असे तिथे म्हटले आहे. मृगावर पेरणी करणाऱ्या आपल्याला हे वेळापत्रक अनोळखी वाटेल, कारण बायबलमधल्या इस्राएल देशात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास पडून जमीन नांगरण्याजोगी होते आणि मार्च-एप्रिलातल्या शेवटल्या पावसावर दाणा भरतो. पाऊस त्याच्या हाती नाही, नांगर मात्र आहे. रात्री झोपण्यापूर्वी कागदावर हाच भेद लिहून काढावा: जे आपल्या हाती नाही ते देवाच्या स्वाधीन करावे आणि उद्या करण्याजोगे एकच लहान काम ठरवावे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशन या निराधार स्त्रियांच्या आश्रमाचा व्याप सांभाळत, मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर 1922 साली, मृत्यूपूर्वी पुरे केले. ते असेच दिवसाच्या कामातून घडले असणार, असे मला वाटते.

माणसांच्या बाबतीतला धीर मला अधिक कठीण वाटतो. निर्गमाच्या 34व्या अध्यायात देवाला ‘मंदक्रोध’ म्हटले आहे, आणि हा शब्द मनात बाळगावा असा आहे, कारण त्यात राग नाकारलेला नाही, तो सावकाश येतो एवढेच सांगितले आहे. ज्या एका व्यक्तीशी आपला वारंवार खटका उडतो, तिच्यासाठी भेटीपूर्वी नाव घेऊन प्रार्थना करावी. ती बदलावी म्हणून नव्हे, तर तिचे भले व्हावे म्हणून. तरीही तोल गेलाच, तर इफिसकरांस पत्रात सांगितल्याप्रमाणे सूर्य मावळण्याआधी क्षमा मागावी.

मात्र घरात मारहाण होत असेल किंवा कोणी आपला हक्क बुडवत असेल, तर सोसत राहण्याला धीर समजू नये. पाळकांना, विश्वासातल्या माणसांना आणि गरज पडल्यास पोलिसांनाही सांगावे. लूकच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायातील विधवा अन्यायी न्यायाधीशाकडे न्यायासाठी पुन्हा पुन्हा जात राहिली, आणि न खचता प्रार्थना कशी करावी हे शिकवताना येशूने तिचाच दाखला दिला.