यकृताच्या तपासणीचा रिपोर्ट कसा वाचावा

रक्ततपासणीचा रिपोर्ट हातात आला की नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यांवर जाते, आणि ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ या नावाखाली एसजीपीटी 62 दिसले की घरातले सगळे काळजीत पडतात. वास्तविक एसजीपीटी हे यकृताच्या कामाचे मोजमाप नाही. ते यकृताच्या पेशींमधले विकर (एन्झाइम) आहे आणि पेशींना इजा झाली की ते रक्तात जास्त झिरपते. यकृत काम किती करते हे सांगणारे आकडे वेगळे आहेत, म्हणून वाचनाची सुरुवात त्यांच्यापासून करावी.

त्याआधी यकृताची रचना थोडी समजून घ्यावी. उजव्या बरगड्यांच्या आड, श्वासपटलाखाली असलेल्या या सुमारे दीड किलोच्या अवयवाला दोन वाटांनी रक्त मिळते: एक चतुर्थांशाच्या आसपास धमनीतून, आणि उरलेले पोर्टल शिरेतून. ही शीर आतड्यांकडून येते, त्यामुळे जेवणातली साखर असो वा पोटात घेतलेली गोळी, आतड्यांतून रक्तात उतरलेला बहुतेक माल शरीरभर जाण्यापूर्वी यकृतातून जातो. आत सूक्ष्म षटकोनी खंडिका असतात. त्यांत रक्त कडेकडून मध्याकडे वाहते, तर पेशींनी तयार केलेले पित्त त्याच्या उलट, मध्याकडून कडेला असलेल्या नलिकांकडे जाते.

आता पहिली पायरी: अल्ब्युमिन आणि प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, पाहावा. अल्ब्युमिन हे प्रथिन यकृतच बनवते आणि प्रौढांत ते दर डेसिलिटर रक्तद्रवात साधारण 3.5 ते 5 ग्रॅम असते. त्याचे अर्धे प्रमाण कमी व्हायला सुमारे 20 दिवस लागतात, म्हणून नुकत्याच सुरू झालेल्या आजारात हा आकडा नॉर्मल राहू शकतो. रक्त गोठवणारे काही घटक मात्र काही तासांतच संपतात, त्यामुळे यकृत अचानक खचले तर प्रोथ्रॉम्बिन टाइम आणि त्यावरून काढलेला आयएनआर हा प्रमाणित आकडा लवकर वाढतो. ही चाचणी बहुधा वेगळी सांगावी लागते, आणि गंभीर काविळीत ती झाली आहे की नाही हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

दुसरी पायरी बिलिरुबिनची. तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात आणि त्या मोडल्यावर जे पिवळे द्रव्य तयार होते ते यकृत विरघळण्याजोगे करून पित्तात सोडते. फक्त ‘इनडायरेक्ट’, म्हणजे यकृताने अजून विरघळण्याजोगे न केलेले बिलिरुबिन वाढले असेल, तर तांबड्या पेशी जास्त मोडत आहेत का, हे पाहिले जाते. पुष्कळदा मात्र कारण गिल्बर्ट नावाची निरुपद्रवी जन्मजात ठेवण एवढेच असते. ‘डायरेक्ट’, म्हणजे विरघळण्याजोगे झालेले बिलिरुबिन वाढले, लघवी गडद झाली आणि शौच मातकट पांढरे होऊ लागले, तर पित्तनलिका अडल्याची शंका घ्यावी आणि सोनोग्राफी लांबवू नये.

विकरे शेवटी वाचावीत. एसजीओटी हे दुसरे विकर स्नायूंतही असते, म्हणून आदल्या दिवशीच्या जड व्यायामानेही ते वाढते. अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर वाढत्या वयाच्या मुलांत हाडांमुळे जास्तच असते. एसजीपीटी हजारांत गेले तर विषाणूजन्य कावीळ किंवा औषधाची बाधा आधी मनात येते. एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून अधिक असेल, तर मद्याचा प्रश्न स्पष्टपणे विचारावा लागतो. सिरॉसिस, म्हणजे यकृत व्रणांनी कठीण होण्याचा आजार, फार पुढे गेला असेल, तर झिरपण्याजोग्या पेशीच थोड्या उरल्यामुळे ही विकरे नॉर्मलही येतात, आणि तिथेच अनेक कुटुंबे फसतात.

काविळीची माळ घालून वाट पाहण्याबद्दलही सांगितले पाहिजे. दूषित पाण्यातून होणारी ‘ए’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ बहुतेकदा आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. नलिका अडलेल्या रुग्णाचे तेच आठवडे वाया जातात. कावीळ झालेली गरोदर स्त्री, किंवा गुंगी, असंबद्ध बोलणे, रक्ताची उलटी यांपैकी काही दिसणारा रुग्ण असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. डॉक्टरांकडे जाताना जुने सर्व रिपोर्ट आणि घेत असलेल्या प्रत्येक औषधाचे, काढ्याचे व चूर्णाचे पाकीट सोबत न्यावे.