कीबोर्डची थरथर बंद करताय? या चुका टाळा

वडिलांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “लिहिताना हे सारखं घुरघुरतं, ते बंद कर रे.” मी सेटिंग्ज उघडली, व्हायब्रेशन हा शब्द दिसला, तिथलं सगळ्यात वरचं बटण बंद केलं आणि अर्ध्या मिनिटात फोन परत दिला. पुढचे तीन दिवस ते कुणाचाच फोन उचलेनात. त्यांचा फोन कायम व्हायब्रेटवर असतो. मी त्याचं थरथरणंच बंद केलं होतं, त्यामुळे खिशातल्या खिशात तो मुकाट वाजून थांबत होता.

ही चूक माझी एकट्याची नाही. कीबोर्डची थरथर बंद करायला बसलेला माणूस ‘व्हायब्रेशन’ हा शब्द शोधतो आणि जिथे तो पहिल्यांदा सापडेल तिथे हात मारतो. मग एकतर नको ते बंद होतं, नाहीतर काहीच बंद होत नाही. कारण बोटाखालच्या त्या थरथरीचे मालक तीन असू शकतात: कीबोर्डचं ॲप, फोन स्वतः, किंवा त्या क्षणी तुम्ही उघडलेलं एखादं ॲप. प्रत्येकाचं बटण वेगळ्या जागी असतं.

सरसकट सगळं बंद करू नका

अलीकडच्या अँड्रॉइड फोनांत ‘व्हायब्रेशन अँड हॅप्टिक्स’ (हॅप्टिक्स म्हणजे स्पर्शाला मिळणारी हलकी कंपनं) नावाचं पान असतं आणि त्याच्या माथ्यावर एक मोठं बटण. ते बंद केलं की खालचं सगळंच मावळतं: कॉलची थरथर, नोटिफिकेशनची, अलार्मची, बोटाच्या स्पर्शाची. आपल्याला हवं असतं ते याच पानावर खाली, ‘टच फीडबॅक’ या नावाने. कॉल आणि अलार्मच्या स्लायडरना हात लावायची गरज नसते. काही नव्या फोनांत इथेच ‘कीबोर्ड व्हायब्रेशन’ असं वेगळं बटणही दिसतं. दिसलं तर आधी तेच वापरा, बाकी खटाटोप कदाचित वाचेल.

आयफोनवर ही चूक जास्त महागात पडते. सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’, त्यात ‘टच’, आणि त्यात खाली ‘व्हायब्रेशन’ असं एक बटण आहे. कीबोर्ड गप्प करण्याच्या नादात लोक इथपर्यंत पोचतात. हे बटण बंद केलं तर फोनची झाडून सगळी कंपनं थांबतात, भूकंप आणि त्सुनामीसारख्या आपत्कालीन इशाऱ्यांचीसुद्धा. तसा इशारा ॲपलने त्या बटणाखालीच लिहून ठेवला आहे, पण बटणाखालचं बारीक अक्षर वाचतो कोण!

थरथरतंय कोण, हे आधी बघा

सेटिंग्जमध्ये शिरण्याआधी एक मिनिट द्या. नोट्ससारखं एखादं साधं ॲप उघडा आणि चार अक्षरं टाइप करा. मग फोनच्या डायल पॅडवर आकडे दाबून बघा. मग लिहिलेल्या एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा, म्हणजे तो निवडला जाईल. शेवटी स्क्रीन लॉक करून पिन टाका.

फक्त पहिल्या ठिकाणी थरथरलं, तर प्रश्न कीबोर्ड ॲपचा. चारही ठिकाणी थरथरलं, तर फोनचा टच फीडबॅक चालू आहे. फक्त डायल पॅडवर थरथरत असेल, तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये तासभर घालवूनही हाती काही लागणार नाही, कारण डायल पॅडचा आणि कीबोर्डचा काही संबंध नसतो. आणि एखाद्याच ॲपमध्ये, समजा बँकेच्या ॲपमधल्या पिनच्या चौकटीत, थरथर जाणवत असेल, तर तो आकड्यांचा पॅड बहुधा त्या ॲपचा स्वतःचा असतो. त्याला तुमच्या कीबोर्डची सेटिंग माहीतच नसते.

एवढी तपासणी केली की निम्मं काम झालं. आता बटणं.

आपला कीबोर्ड कोणता, ते न पाहता बटण शोधू नका

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. फोन सॅमसंगचा आहे म्हणून माणूस सॅमसंगच्या सेटिंगमध्ये जातो, ‘साउंड्स अँड व्हायब्रेशन’मधलं ‘सिस्टम व्हायब्रेशन’ उघडतो आणि तिथे सॅमसंग कीबोर्डसमोरचं बटण बंद करतो. परत येऊन टाइप करतो, तर थरथर तशीच. कारण त्याने कधीतरी जीबोर्ड, म्हणजे गूगलचा कीबोर्ड, घेतलेला असतो आणि तो काय वापरतोय हे स्वतःच विसरलेला असतो. त्या बटणासमोर सॅमसंग कीबोर्डचं नाव लिहिलंय ते उगाच नाही. ते फक्त त्याच कीबोर्डला लागू आहे.

कोणता कीबोर्ड चालू आहे हे बघायचा सोपा मार्ग म्हणजे कीबोर्ड उघडा असताना त्याच्याच सेटिंगमध्ये शिरणं. जीबोर्डवर स्वल्पविरामाची कळ दाबून धरली की गिअरचं चिन्ह येतं, किंवा वरच्या पट्टीतही ते असतं. त्यातून ‘प्रेफरन्सेस’मध्ये जा. खाली सरकल्यावर ‘हॅप्टिक फीडबॅक ऑन कीप्रेस’ सापडेल. ते बंद करा. सॅमसंग कीबोर्डवरही वरच्या पट्टीत गिअर असतो. त्यातल्या ‘स्वाइप, टच अँड फीडबॅक’ या भागात स्पर्शाच्या प्रतिसादाचं बटण मिळतं. स्विफ्टकी या आणखी एका कीबोर्डमध्ये ‘साउंड अँड व्हायब्रेशन’ असा सरळ भागच आहे. फोनची भाषा मराठी ठेवली असेल तर ही नावं थोडी वेगळी दिसतील, आणि कंपनीगणिक शब्दांचा फेरफार होतो तो वेगळाच. पण गिअरमधून आत गेलात की दार चुकत नाही, कारण जो कीबोर्ड समोर आहे त्याचीच सेटिंग उघडते. फोनच्या मुख्य सेटिंगमधून शोधत गेलात तर चुकण्याची शक्यता जास्त.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी यात आणखी एक मेख आहे. अनेकांच्या फोनवर इंग्रजीसाठी एक कीबोर्ड ॲप आणि मराठीसाठी दुसरंच असतं. पूर्वी कधीतरी देवनागरीसाठी म्हणून वेगळं घेतलेलं आणि तसंच राहिलेलं. मग माणूस सांगतो, “बंद केलंय, तरी कधी थरथरतं, कधी नाही.” ‘कधी’ म्हणजे केव्हा, हे विचारलं की उत्तर मिळतं: मराठीत लिहिताना! दोन ॲपं असतील तर बटण दोन ठिकाणी बंद करावं लागतं. एकाच ॲपमध्ये दोन्ही भाषा जोडलेल्या असतील, तर एकदा बंद केलेलं दोन्हीकडे चालतं. माझं मत विचाराल तर ते जुनं दुसरं ॲप काढून टाका आणि आहे त्याच कीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडा. थरथरीपुरताच नाही, इतरही त्रास वाचतो.

पासवर्डच्या चौकटीत भूत शिरलं, असं समजू नका

आयफोनवर जीबोर्ड किंवा स्विफ्टकी वापरणाऱ्यांची ही खास तक्रार. सगळीकडे शांतता असते आणि पासवर्ड टाकायला गेलं की फोन पुन्हा टकटक हादरे देतो. कारण साधं आहे. पासवर्डच्या चौकटीत आयफोन बाहेरचा कीबोर्ड येऊच देत नाही, तिथे आपोआप ॲपलचा स्वतःचा कीबोर्ड येतो. तुम्ही जीबोर्डची थरथर बंद केलेली असते, ॲपलच्या कीबोर्डची नाही. काही अँड्रॉइड फोनांतही पासवर्डसाठी कंपनीचा वेगळा सुरक्षित कीबोर्ड पुढे येतो, तिथेही हीच गोष्ट.

ॲपलच्या कीबोर्डचं बटण ‘साउंड्स अँड हॅप्टिक्स’मध्ये, ‘कीबोर्ड फीडबॅक’ या नावाखाली आहे. तिथे दोन बटणं दिसतात, एक ‘साउंड’ आणि एक ‘हॅप्टिक’. ही सोय २०२२ मध्ये आयओएस १६ बरोबर आली आणि मुळात ती बंदच असते. म्हणजे थरथरत असेल तर कधीतरी कुणीतरी ती चालू केली आहे. त्याच पानावर ‘सिस्टम हॅप्टिक्स’ नावाचंही एक बटण आहे. कीबोर्डसाठी ते बंद करायला जाऊ नका. ते फोनमधल्या इतर हालचालींच्या हलक्या ठोक्यांसाठी आहे.

फोन सायलेंट केला म्हणजे झालं, असं नाही

कळ दाबल्यावर येणारा ‘टक’ असा आवाज आणि बोटाला जाणवणारा हादरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सायलेंट केल्याने आवाज जातो. हादरा बहुतेक फोनांत राहतोच. उलटही होतं. हलकं फोन कव्हर, टेबलावर ठेवलेला फोन आणि आतली मोटर यांचा मिळून असा काही आवाज येतो की माणूस ‘साउंड’चं बटण शोधत बसतो. फोन टेबलावरून उचलून हातात धरा आणि टाइप करा. आवाज जवळजवळ नाहीसा झाला तर ती थरथरच होती.

बॅटरी सेव्हरमध्ये तपासू नका

बऱ्याच अँड्रॉइड फोनांत बॅटरी सेव्हर चालू झाला की स्पर्शाची कंपनं आपोआप बंद होतात. तुम्ही नेमकं त्या वेळी एखादं बटण बंद केलं आणि थरथर दिसली नाही, तर वाटतं जमलं. सकाळी चार्जिंग झालं, बॅटरी सेव्हर गेला आणि थरथर परत. मग ‘अपडेटने बिघडवलं’ असं आपण ठरवून टाकतो. तपासणी नेहमी बॅटरी सेव्हर बंद ठेवून करा.

डेटा पुसायच्या फंदात पडू नका

थरथर जात नाही म्हटल्यावर कुणीतरी हमखास सल्ला देतं: कीबोर्डच्या ॲपचं स्टोरेज क्लिअर कर. असं केल्याने ते ॲप कोरं होतं, सगळ्या सेटिंग मूळ जागी जातात, आणि मुळात थरथर चालू असेल तर ती पुन्हा चालूच होते. शिवाय तुमच्या टायपिंगवरून कीबोर्डने शिकलेले शब्द, नातेवाइकांची नावं, आडनावं, तुमची खास वळणं, ही सगळी जमवाजमव सिंक केलेली नसेल तर पुसली जाते. मराठी टाइप करणाऱ्याला हे नुकसान फार जाणवतं. आपल्या आडनावांवर कीबोर्ड काय काय सुचवतो ते आठवून बघा! ‘क्लिअर कॅशे’ने हे होत नाही, पण त्याने थरथरही जात नाही. फार तर कीबोर्ड अडकल्यासारखा वागत असेल तर फोन एकदा रीस्टार्ट करा, तेवढं पुरे.

पूर्ण बंद करण्याआधी जोर कमी करून पाहा

हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण वडिलांच्या फोनचा तोडगा शेवटी हाच निघाला. जीबोर्डमध्ये हॅप्टिक फीडबॅकच्या खाली ‘व्हायब्रेशन स्ट्रेंग्थ ऑन कीप्रेस’ असा स्लायडर असतो. वरचं बटण चालू असेल तेव्हाच तो वापरता येतो. म्हणून बटण बंद करून मग स्लायडर शोधणाऱ्याला तो मिळत नाही.

त्रास थरथरीचा की थरथर कशी आहे त्याचा, हे मोटरवर खूप अवलंबून असतं. स्वस्त फोनांत बहुतेकदा एक छोटी मोटर असते, तिच्या दांड्याला एका बाजूला वजन लावलेलं असतं. ती फिरायला आणि थांबायला थोडा वेळ घेते, म्हणून प्रत्येक अक्षराला ‘घुर्रर्र’ अशी शेपूट राहते. भराभर टाइप केलं तर एका अक्षराची शेपूट दुसऱ्यात मिसळून सलग गुरगुर होते. महाग फोनांत वजन फिरत नाही, एका रेषेत पुढेमागे हलतं. तिथे कळीला नेमका, छोटा ठोका मिळतो आणि संपतो. अशा फोनवर थरथर बंद केल्यावर काहींचा हात उलट चुकायला लागतो, कारण कळ लागली की नाही हे बोटाला कळत नाही.

वडिलांच्या फोनात पहिल्या प्रकारची मोटर आहे. स्लायडर जवळजवळ शून्यापाशी आणला तेव्हा शेपूट गेली आणि नुसता एक टिचका उरला. “आता ठीक आहे,” म्हणाले, आणि फोन खिशात ठेवून, मला समोर बसवून त्यांच्याच नंबरवर एक कॉल करायला लावला. खिसा थरथरला.