कोल्हापुरात व्हेगन राहायचंय? या चुका टाळा, मी सगळ्या करून बसलोय

आपल्याकडं कुणाला सांगितलं की मी दूध-तूप सोडलंय, तर समोरचा आधी दोन सेकंद गप्प बसतो आणि मग हळू आवाजात विचारतो, "डॉक्टरनं सांगितलंय काय?" मटण सोडलेला माणूस लोकांनी बघितलाय, माळकरी असतात, श्रावण पाळणारे असतात, पण दूध सोडलेला? गंगावेशेत कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, डोळ्यासमोर धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात, त्या गावात तुम्ही दूध नको म्हणालाय. व्हेगन म्हणजे मांस-अंड्यासोबत दूध, तूप, मध, चामडं, जनावरापासनं येणारं सगळंच सोडणं. मला आता चार वर्षं झाली. पहिलं वर्ष निव्वळ चुका करण्यात गेलं, त्या लिहून ठेवतोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "हे व्हेगन आहे का?" असं विचारणं. विचारूच नका. अर्ध्या लोकांना वाटतं इंग्लिशमध्ये व्हेज विचारतोय, ते म्हणतात "व्हय व्हय, प्युअर व्हेज", आणि पनीर समोर येतं. बरं "दूध-तूप घातलंय का" असं विचारलं तरी फसायला होतं, कारण आपल्याकडं तूप ही वस्तू मोजतच नाहीत. मीठ जसं मोजत नाहीत तसं. माझ्या मामीकडं एका रविवारी आमटी-भात खात होतो, आधी नीट विचारलंवतं, "मामी, ह्यात काय दुधाचं न्हाई न्हवं?" मामी म्हणाली, "काय न्हाई रे, साधी आमटी हाय." अर्धी वाटी संपल्यावर स्वतःहून सांगते, "नुसती तुपाची फोडणी दिल्या वरनं." आता ह्यात मामी खोटं बोलली का? अजिबात नाही. तिच्या हिशोबात फोडणी म्हणजे काही घालणं नव्हेच. तेव्हापासनं मी प्रश्न बदलला. "फोडणी कशात दिलीय? वरनं काय सोडलंय?" असं विचारायचं, म्हणजे खरं उत्तर येतं.

ही गोष्ट कोल्हापूरचीच आहे असं पण नाही हं. व्हेगन हा शब्दच १९४४ साली इंग्लंडमध्ये निघाला, डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्यासोबतच्या मंडळींनी काढला, कारण तिथल्या शाकाहारी लोकांना पण दूध-अंडी खटकत नव्हती. म्हणजे भांडण ऐंशी वर्षं जुनं आहे, आपली मामी त्यात उगाच सापडल्या.

हॉटेलात काय विचारायचं ते सांगतो. रोटी सांगताना "बिनबटर" हे आधीच सांगायचं, रोटी आल्यावर नाही, कारण तंदूरमधनं काढली की हात आपोआप बटरकडं जातो. नानच्या पिठात दही किंवा दूध असतं, नान सोडून द्या. अख्खा मसूर म्हणजे आपला हक्काचा पदार्थ, पण वरनं बटरचा गोळा टाकायची पद्धत आहे, तो नको म्हणायचं. मिसळ जवळजवळ सगळीकडं चालते, मटकी, कट, फरसाण, सगळं तेलातलं, दह्याची वाटी तेवढी बाजूला करायची, आणि पावाच्या पुड्यावरचं बारीक अक्षर एकदा वाचायचं, काही पावात दुधाची पावडर असते. खरा गोंधळ "व्हेज पांढरा" मागवला की होतो. पांढरा रस्सा मुळात मटणाच्या स्टॉकवर होतो, त्यात नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस. व्हेज म्हणून देतात तेव्हा स्टॉक काढून टाकलेला असतो, पण दाटपणासाठी दूध नाहीतर क्रीम येऊ शकतं, त्यामुळं थेट विचारा की पांढरा कशानं केलाय. घरी मात्र हा रस्सा लई भारी होतो. कांदा, आलं, लसूण, धने, मिरी, दालचिनी, तमालपत्र पाण्यात अर्धा तास उकळून गाळून घ्यायचं, त्यात तीळ-काजू-खसखशीचं वाटण घालून उकळी आणायची, आणि नारळाचं दूध सगळ्यात शेवटी, गॅस बारीक करून. रटरटा उकळलात तर फुटतो.

दुकानातली चूक म्हणजे हिरवा ठिपका बघून पुडा उचलणं. हिरवा ठिपका शाकाहाराचा आहे आणि आपल्या कायद्यात दूध आणि मध शाकाहारातच येतात. व्हेगनसाठी एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा संस्थेचं, वेगळं चिन्ह आहे, हिरव्या रंगातलं व्ही अक्षर आणि त्याला पान, ह्याचे नियम २०२२ मध्ये आलेत, पण आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात ते चिन्ह क्वचित दिसतं. त्यापेक्षा पुडा उलटा करा आणि घटकांच्या यादीखाली ॲलर्जीची जी ओळ असते ती वाचा, दूध असलं तर तिथं लिहावंच लागतं. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिन हे सगळे दुधाचेच भाऊबंद. यादीत नुसते नंबर पण असतात, ९०१ म्हणजे मधमाशीचं मेण आणि ९०४ म्हणजे लाख, चकचकीत गोळ्या-चॉकलेटवर असतात. उलट्या बाजूनं काही लोक परदेशातली यादी वाचून साखरच सोडून देतात, का तर म्हणे हाडाच्या कोळशानं साफ करतात. अहो, आपल्याकडच्या बहुतेक साखर कारखान्यात चुना आणि गंधकाचा धूर वापरतात. आणि गूळ तर विचारूच नका, गुऱ्हाळात काहिलीत रस उकळताना मळी काढायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात.

आता चहा. ह्याच्यावर मला सगळ्यात जास्त प्रश्न येतात. टपरीवर कोरा चहा मागितला की "तब्येत बरी न्हाई व्हय?" हे ऐकायची सवय करून घ्या, दुसरा उपाय नाही. घरी सोया दुधाचा चहा फाटतो ही मात्र तक्रार दुरुस्त होते. आपण करतो काय, नेहमीसारखं दूध ओतून खळाखळा उकळतो. सोयाचं प्रोटीन उष्णता आणि चहाचा आंबटपणा दोन्ही एकदम आलं की गोळा होतं. म्हणून आलं, साखर, चहापूड आधी पाण्यात कडक उकळून घ्यायची, गॅस बंद करायचा, मिनिटभर थांबायचं आणि मग वेगळं कोमट केलेलं सोया दूध हळूहळू ओतायचं, परत उकळायचं नाही. तरी फाटला तर चहापूड कमी करून बघा. आणि दुकानात "सोया मिल्क" असं शोधत बसू नका, पाकिटावर सोया ड्रिंक नाहीतर बेव्हरेज असं लिहिलेलं असतं, कारण मिल्क शब्द जनावराच्या दुधालाच राखून ठेवलाय.

दह्याचं मी शेंगदाण्यावर भागवतो. वाटीभर दाणे रात्री भिजवायचे, सकाळी सालं काढून तीन वाट्या पाण्यात वाटून गाळायचे, ते दूध ढवळत उकळायचं, कोमट झालं की त्यात हिरव्या मिरचीचे पाच-सहा देठ टाकून झाकून ठेवायचं. देठावर विरजणाचे जिवाणू असतात. पहिल्या वेळी दही पातळ आणि जरा उग्र होतं, इथंच बहुतेक जण हात टेकतात. तेच दोन चमचे विरजण म्हणून पुढच्या दुधात घाला, तिसऱ्या खेपेला नीट लागतं. थंडीत भांडं गोधडीत गुंडाळायचं. खर्डा-भाकरीसोबत मला तर आता हेच आवडतं, आई अजून तोंड वाकडं करते ते सोडा.

ॲलर्जी आहे म्हणून थाप मारू नका. मी मारलीवती, ऑफिसात एकदा सगळ्यांनी पेढे वाटले तेव्हा सुटका व्हावी म्हणून. पुढं दोन महिने प्रत्येकजण औषध सांगायला लागला, एका वैनींनी तर काढ्याची बाटलीच आणून दिली. आणि एके दिवशी कुणीतरी आठवण काढली की तू गेल्या दिवाळीला बासुंदी ओरपलीवतीस की. तोंड लपवायला जागा उरली नाही. "सोडलंय, बरं वाटतं" एवढंच सांगा, लोक चार दिवस चिडवतात आणि विसरतात.

दुसरं टोक म्हणजे भाषण देणं, ते तर मी जास्तच केलं. मामाच्या गोठ्यात चार म्हशी आहेत, आणि मी त्याच गोठ्यात उभा राहून त्याला रेडकांचं काय होतं ते सांगत होतो. मामा शांतपणे वैरण टाकत म्हणाला, "उसाचं बिल कवा येतंय तुला ठावं हाय काय? दुधाचं बिल दर दहा दिवसाला येतंय. तुझ्या शाळंची फी त्यातनंच भरल्या तुझ्या आईनं." माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही पूर्ण नाही. रेडकाबद्दल जे वाटतं ते अजून तसंच वाटतं, पण ज्याचं घर त्यावर चालतं त्याच्या गोठ्यात जाऊन त्यालाच गुन्हेगार ठरवणं ही चूकच. आता मामा विचारेल तेव्हाच बोलतो, आणि मजा म्हणजे तो हल्ली विचारतो.

ही पुढची मात्र जीवावरची चूक आहे, बी-१२ व्हिटॅमिन. मला वाटायचं कडधान्य, पालेभाज्या, भाकरी, सगळं खातोय, काय होतंय. दीड-दोन वर्षांनी पायाला मुंग्या यायला लागल्या, मी म्हटलं गाडी जास्त चालवतोय. मग जिना चढताना दम, जीभ लालभडक. तपासलं तर बी-१२ पार खाली. हे उशिरा कळतं कारण यकृतात त्याचा साठा असतो आणि तो काही वर्षं पुरतो, त्यामुळं सुरुवातीला सगळं झकास चाललंय असंच वाटतं. पालेभाज्यांतल्या फोलेटमुळं रक्त बरं दिसू शकतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. मोड आलेली कडधान्यं, स्पिरुलिना, ताक-बिक सोडून आंबवलेले पदार्थ, ह्यातल्या कशावर बी-१२ साठी विसंबू नका, बी-१२ जिवाणू तयार करतात, झाड नाही. गोळी घ्यायची, विषय संपला. इंग्लंडच्या व्हेगन सोसायटीचा सल्ला रोज किमान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्याला २००० असा आहे, पण आधीच कमी असेल तर डॉक्टरकडं जा, कदाचित इंजेक्शनं लागतील. आणि गोळी घेताना बघा, मऊ कॅप्सूल बऱ्याचदा जिलेटिनची, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्यापासनं केलेली असते, आणि डी-३ व्हिटॅमिन साधारणपणे मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासनं काढतात. दगडफुलाच्या जातीपासनं काढलेलं डी-३ मिळतं, तसं लिहिलेलं शोधा.

प्रोटीनची काळजी त्यामानानं कमी. तालमीतली पोरं म्हणतात दुधा-तुपाशिवाय अंग धरत नाही. मी काही पैलवान नाही, पण कोरड्या सोया वडीत १०० ग्रॅमला पन्नासच्या आसपास प्रोटीन असतं, शेंगदाण्यात पंचवीसेक, आणि बदाम-खसखशीची थंडाई पाण्यात पण होते. कॅल्शियमला नाचणी आणि तीळ. उगाच महागडं परदेशी चीज मागवून महिन्याचं बजेट बोंबलत बसू नका, पिठलं, झुणका, भरलं वांगं, मटकी, भडंग, कटाची आमटी, आपलं अर्धं जेवण आधीपासनंच व्हेगन आहे, फक्त फोडणी तेलाची पाहिजे.

चपलेची फजिती राहिली. कुठंतरी वाचलं की कोल्हापुरी चप्पल व्हेजिटेबल टॅन असते, मी खूश, चप्पल लाईनला गेलो आणि विचारलं, "म्हंजे ही चामड्याची न्हाई न्हवं?" दुकानातले आजोबा चष्म्यावरनं बघत म्हणाले, "पोरा, बाभळीची साल आणि हिरडा लावून कमावल्यालं चामडं हाय हे. कमावलं झाडानं, पण कातडं म्हशीचंच." ह्यातला व्हेजिटेबल फक्त कमावण्यापुरता. जुना जोड मी टाकून दिला नाही, झिजेपर्यंत वापरला, काही व्हेगन मित्रांना ते पटलं नाही. नवीन घेताना मात्र कापडाची घेतो.

यात्रा आणि म्हाईला, म्हणजे मटणाच्या गावजेवणाला, जाताना उपाशी जाऊ नका आणि न कळवता तर अजिबात जाऊ नका. अख्खं गाव मटणावर असतं, त्या गर्दीत तुमच्यासाठी वेगळं काय करायचं हे घरच्या बायकांच्या डोक्यावर ऐनवेळी टाकणं बरं नव्हे. मी दोन दिवस आधी फोन करतो, आणि येताना वांग्याची भाजी स्वतः करून डब्यात आणतो, चांगली चार माणसांची. गेल्या म्हाईला दुपारी दोन वाजता डबा उघडला तर भाजी संपलेली. मामानं रस्सा वाढायच्या आधीच भाकरीसोबत खाल्लीवती, वर मामीला म्हणत होता, "हिला वरनं जरा तूप सोडलं असतंस तर अजून भारी झाली असती."