रोममध्ये बजेट अपार्टमेंट कसं निवडावं आणि त्यात कसं राहावं

रोममध्ये पाच-सहा रात्री राहायचं असेल, माणसं तीन-चार असतील आणि त्यातल्या एखाद्याला तरी रोज पिझ्झा-पास्ता चालत नसेल, तर हॉटेलपेक्षा अपार्टमेंट परवडतं. दोन रात्रींसाठी मात्र घेऊ नका. साफसफाईचे पैसे एकरकमी लागतात. ते दोनच रात्रींवर वाटले की घर आणि हॉटेल एकाच भावात पडतात, शिवाय हॉटेलात बॅगा ठेवायला काउंटर तरी असतो.

तारखा आणि व्हिसा

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. त्याला सगळ्या रात्रींच्या मुक्कामाचा पुरावा जोडावा लागतो, म्हणून व्हिसा हातात पडेपर्यंत फुकट रद्द करता येणारंच घर घ्या. बुकिंगच्या पावतीवर बहुतेक वेळा एकाचंच नाव येतं. सगळ्यांची नावं पासपोर्टावर आहेत तशीच्या तशी, घराचा पूर्ण पत्ता आणि तारखा असलेलं पत्र मालकाकडून मागून घ्या. असं पत्र द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याचं घर सोडून द्या.

तारखांबद्दल दोनच गोष्टी. १५ ऑगस्टच्या आसपास रोमकर सुट्टीवर जातात आणि गल्लीतली छोटी दुकानं आठवडा-आठवडा बंद असतात. आणि इमारतींचं हीटिंग १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल एवढंच चालवायला परवानगी आहे. ऑक्टोबरच्या अखेरीला किंवा एप्रिलच्या उत्तरार्धात आईवडिलांना नेत असाल तर जास्तीची पांघरुणं आहेत का, हे विचारून ठेवा.

भाग

"सेंटरमध्येच घर घ्या" हा सल्ला सगळीकडे सापडतो आणि तो अर्धवट आहे. पँथिऑन, पियाझ्झा नवोना, त्रास्तेवेरे या भागांत मेट्रोच नाही. तिथे घर घेतलं की दिवसभर दगडी रस्त्यांवर चालायचं आणि संध्याकाळी बसची वाट बघायची. त्रास्तेवेरेत तर रात्री एक-दोनपर्यंत खिडकीखाली गर्दी असते. तरुण मंडळींना ते चालेल, लहान मुलांना घेऊन गेलेल्यांना नाही.

माझी पहिली पसंती सान जोव्हान्नी ते पोन्ते लुंगो हा मेट्रोच्या ए लाइनवरचा पट्टा. मधलं स्टेशन रे दि रोमा. साधी नोकरदारांची वस्ती आहे, दुकानं स्थानिक लोकांसाठी चालतात आणि स्पॅनिश स्टेप्स, त्रेव्ही कारंज्याजवळचं बारबेरिनी, व्हॅटिकनजवळचं ओत्ताव्हियानो ही सगळी स्टेशनं गाडी न बदलता येतात. सान जोव्हान्नीवरून जाणारी सी लाइन डिसेंबर २०२५पासून कोलोसियमपर्यंत जाते. दुसरी पसंती तेस्ताच्चो आणि पिरामिदे स्टेशनचा परिसर, बी लाइनवर. घरी स्वयंपाक करायचाच असं ठरलेलं असेल तर पियाझ्झा व्हित्तोरियो. त्याचं कारण पुढे येईल.

"सेंटरपासून २० मिनिटं" असं लिहिलेलं घर नकाशावर बघितल्याशिवाय घेऊ नका. ती वीस मिनिटं बरेचदा मोटारीची असतात, तीही रिकाम्या रस्त्यावरची. घर शहराभोवतीच्या रिंगरोडच्या बाहेर असेल तर ते कितीही स्वस्त असो, रोजच्या येण्याजाण्यात दोन तास जातात. मेट्रो स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आत, हा एकच निकष धरा.

जाहिरात वाचणं

बहुतेक लोक चुकतात ते इथे, कारण फोटो बघतात आणि मजकूर वाचत नाहीत.

सुरुवात परवाना क्रमांकापासून करा. १ जानेवारी २०२५पासून इटलीत भाड्याने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक पर्यटक घराला सीआयएन नावाचा राष्ट्रीय क्रमांक असावा लागतो आणि तो जाहिरातीत छापावा लागतो. तो 'आयटी' या अक्षरांनी सुरू होतो, पुढचे सहा आकडे गावाचे असतात आणि रोमचे आकडे ०५८०९१. घर रोममध्ये आहे म्हणतात आणि आकडे भलतेच आहेत, तर घर शहराच्या हद्दीबाहेरच्या एखाद्या गावात आहे किंवा क्रमांक खोटा आहे. क्रमांकच नसेल तर पुढे वाचायची गरज नाही.

मग मजला. मजले आपल्यासारखेच मोजतात, तळमजला वेगळा आणि त्यावरचा पहिला. पण जुन्या इमारतींत छत उंच असतं, मध्ये अर्धा मजला घातलेला असतो, त्यामुळे "तिसरा मजला" चढताना आपल्याकडच्या पाचव्याइतका होतो. पायऱ्या दगडी, मधोमध झिजलेल्या, पुण्यातल्या पेठांमधल्या वाड्यांच्या जिन्यासारख्या. जाहिरातीत लिफ्टचा उल्लेख नसेल तर लिफ्ट नाही असंच समजा. असली तरी ती जिन्याच्या मधल्या पोकळीत नंतर बसवलेली असते. दोन माणसं किंवा एक माणूस आणि एक मोठी बॅग, याहून जास्त मावत नाही. कधी कधी ती पहिल्या मजल्यापासून सुरू होते.

"चौघांसाठी" असं लिहिलेलं घर म्हणजे चार पलंग नव्हेत. एक बेडरूम आणि हॉलमध्ये उघडणारा सोफा, हा बजेट घरांचा ठरलेला नमुना आहे. दुसरा नमुना 'सोप्पाल्को', म्हणजे उंच छताच्या खोलीत शिडी लावून केलेला माळा. वर गादी असते, बसलं की डोकं छताला लागतं, उन्हाळ्यात सगळी गरम हवा तिथेच साठते आणि रात्री बाथरूमला जायचं तर अंधारात शिडी उतरायची. साठीच्या पुढच्या कुणालाही तिथे झोपवू नका. 'सेमिन्तेर्रातो' असं दिसलं तर ते अर्धं जमिनीखाली आहे. भाडं ओढ लावतं, पण भिंतींना ओल असते आणि धुतलेले कपडे वाळत नाहीत.

आता वीज आणि गरम पाणी. यावर कुणी काही सांगत नाही आणि भारतीय कुटुंबाची अडचण नेमकी इथेच होते.

इटलीतल्या घरांना साधारणपणे ३ किलोवॅटचं कनेक्शन असतं. त्याहून थोडं जास्त मीटर सहन करतो, फार ओढलं की तोडतो. आता बेरीज करा. विजेचा गीझर १२०० ते १५०० वॅट, किटली २०००, हेअर ड्रायर १८००, इंडक्शनची एक शेगडी २०००, पाणी तापवत असताना वॉशिंग मशीन २०००, एसी सुमारे १०००. सकाळी एकाने चहाला किटली लावली, दुसरीने केस वाळवायला घेतले आणि गीझर तापतोय, एवढ्याने घर अंधारात जातं. नियम सोपा ठेवा: उष्णता देणारं एका वेळी एकच.

वीज गेलीच तर आधी घरातल्या दाराजवळचा स्विचबोर्ड बघा. तिथलं सगळं वर असूनही वीज नसेल तर मुख्य मीटरने तोडलंय. तो मीटर तुमच्या घरात नसतो. तो खाली, मुख्य दरवाजाच्या आत भिंतीतल्या कपाटात किंवा तळघरात, इमारतीतल्या सगळ्या मीटरांच्या रांगेत असतो, आणि कधी त्या कपाटाला कुलूप असतं. म्हणून पोचल्या दिवशीच मालकाला सोबत घेऊन आपला मीटर कोणता ते बघा आणि त्याचा फोटो काढा. वर घरातली उपकरणं बंद करूनच खटका उचला, नाहीतर तो लगेच पुन्हा पडतो.

गरम पाण्याचे दोन प्रकार. 'काल्दाया' म्हणजे गॅसवरचा बॉयलर, त्यात पाणी लागेल तसं तापतं आणि संपत नाही. 'स्काल्दाबान्यो' बहुतेक ठिकाणी विजेचा गीझर असतो, ५० किंवा ८० लिटरचा. ८० लिटरमध्ये तिघांच्या अंघोळी होतात, तेही शॉवर जपून वापरला तर. थंडीत ती टाकी पुन्हा पूर्ण तापायला तीन तासांहून जास्त लागतात. चौघं असाल तर दोघांनी रात्री आणि दोघांनी सकाळी, असं वाटून घ्या. गॅस बॉयलरचं घर रात्रीला दहा युरोंनी महाग मिळालं तरी घ्या.

हे सगळं बुकिंगच्या आधी एकाच मेसेजमध्ये विचारा, तोही साइटवरच्या चॅटमध्ये, म्हणजे लेखी राहतं: कोणता मजला, लिफ्ट त्या मजल्यापर्यंत येते का, किती खरे पलंग, पाणी गॅसवर की विजेवर आणि टाकी किती लिटरची, कनेक्शन किती किलोवॅटचं, एसी बेडरूममध्ये आहे की फक्त हॉलमध्ये, खिडक्या रस्त्यावर की आतल्या चौकाकडे, शेगडी गॅसची की इंडक्शन, रात्री उशिरा पोचलो तर जादा पैसे किती. नीट मालक दिवसभरात मुद्देसूद उत्तर देतो. "सगळं उत्तम आहे, काळजी नको" एवढंच आलं तर दुसरं घर बघा.

खरा खर्च

दिसणाऱ्या भाड्यात साफसफाई मिळवा आणि मग पर्यटक कर. हा कर माणशी, रात्रीगणिक, जास्तीत जास्त दहा रात्री लागतो. दहा वर्षांखालच्या मुलांना माफ आहे. अपार्टमेंटला ६ युरो धरून चाला. चार मोठी माणसं, पाच रात्री, म्हणजे १२० युरो. तो बहुधा तिथे पोचल्यावर वेगळा द्यावा लागतो. त्याची पावती मागा.

विमानतळावरून येण्याचा हिशेबही घराबरोबरच करा. फ्युमिचिनो विमानतळाहून टर्मिनी या मुख्य रेल्वे स्टेशनला जाणारी लिओनार्दो एक्सप्रेस ही गाडी माणशी १४ युरो घेते. एफएल१ ही साधी लोकल ८ युरोंत त्रास्तेवेरे, ओस्तिएन्से, तुस्कोलाना या स्टेशनांवर थांबते, टर्मिनीला जात नाही. ओस्तिएन्से म्हणजे पिरामिदे मेट्रोला लागून, तुस्कोलाना म्हणजे पोन्ते लुंगोपासून चालत. वर सुचवलेल्या दोन भागांना ही लोकल सोयीची पडते. टॅक्सीचं जुन्या तटबंदीच्या आतपर्यंतचं ठरलेलं भाडं ५५ युरो आहे, सामानासकट. पियाझ्झा व्हित्तोरियो आणि तेस्ताच्चो तटाच्या आत येतात, त्यामुळे चौघांना तिथे टॅक्सी एक्सप्रेसपेक्षा एक युरो स्वस्त पडते. रे दि रोमा तटाबाहेर आहे, तिथे हा दर लागू नाही.

पोचल्यावर

पासपोर्ट दाखवावे लागतात. पाहुण्यांची माहिती २४ तासांत पोलिसांच्या पोर्टलवर भरणं मालकाला बंधनकारक आहे, त्यात वावगं काही नाही. घर बहुधा दुपारी तीननंतर मिळतं. आखाती देशांतून येणारं विमान सकाळी उतरलं तर बॅगांचं काय करायचं ते आधी विचारा. टर्मिनीत पैसे देऊन सामान ठेवता येतं.

किल्ल्यांकडे लक्ष द्या. एक इमारतीच्या दाराची, एक कधी कधी जिन्यावरच्या जाळीची, एक घराची. घराचं दार बाहेरून ओढलं की लॅच लागतो आणि बाहेरच्या बाजूला फिरणारी मूठ नसते. किल्ली आतल्या बाजूने कुलपात राहिली तर दुसऱ्या किल्लीनेही दार उघडत नाही, आणि रविवारी रात्री कुलूपवाला बोलावण्याचा खर्च एका रात्रीच्या भाड्याहून जास्त होतो. आत आल्यावर किल्ली कुलपात ठेवूच नका, दाराजवळ खुंटीवर लावा. बाहेर पडताना दोन पूर्ण वेढे द्या, नुसतं ओढून घेतलेलं दार बंद धरू नका.

स्वयंपाक

भारतातून तूप, पेढे, श्रीखंड किंवा कुठलाही दुधाचा-मांसाचा पदार्थ नेऊ नका. युरोपीय संघात प्रवाशांच्या सामानातून ते न्यायला बंदी आहे, ताज्या भाज्या आणि कढीपत्त्यालाही. गोडा मसाला, हळद-तिखट, हिंग, मोहरी, जिरं एवढं पुरतं. बाकीचं पियाझ्झा व्हित्तोरियोजवळच्या एस्क्विलिनो मंडईत मिळतं: भेंडी, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, आलं, डाळी, बासमती, कणीक. विक्रेत्यांत बांगलादेशी बरेच आहेत, हिंदीत काम भागतं. सकाळी जा, रविवारी बंद असते.

कुकर घरात मिळेल या भरवशावर राहू नका. आपला ॲल्युमिनियमचा इंडक्शनवर चालत नाही, न्यायचा तर सपाट बुडाचा स्टीलचा न्या. फोडणी देताना खिडकी उघडा, कारण बजेट घरात शेगडीवरचा पंखा बहुधा हवा बाहेर टाकतच नाही, नुसती फिरवतो. नळाचं पाणी पिण्यालायक आहे. रस्तोरस्ती असलेल्या 'नासोने' नावाच्या लोखंडी कारंज्यांतलंही, त्यामुळे बाटल्या विकत घेऊ नका.

निघताना

कचरा ओला, कागद, प्लास्टिक-धातू, काच आणि उरलेला असा वेगळा करून रस्त्यावरच्या त्या त्या डब्यांत टाका. रिकाम्या घराचे, शेगडीचे आणि बाथरूमचे फोटो काढा. किल्ल्या टेबलावर ठेवायला सांगितलं असेल तर दार ओढण्याआधी सगळ्या बॅगा बाहेर आल्यात ना, हे मोजून बघा.