कलर पॅलेट तयार करताना: छटा, कॉन्ट्रास्ट आणि नावे

डेव्हलपरांसाठीच्या अनेक साधनांमधील कलर पॅलेटच्या सुविधेत आता ओकेएलसीएच (डोळ्यांना जाणवणाऱ्या उजळपणाच्या आधारे रंग मांडण्याची पद्धत) हा पर्याय मिळतो. पॅलेट तयार करताना आधी मूळ रंगाचा हेक्स कोड (# ने सुरू होणारा रंगाचा सांकेतिक कोड) भरावा आणि छटा काढण्यापूर्वी एचएसएल (रंग, त्याची तीव्रता आणि लाइटनेस म्हणजे उजळपणा यांवरून रंग मांडणारी पद्धत) याऐवजी ओकेएलसीएच निवडावे, कारण एचएसएलमध्ये ५० टक्के लाइटनेसचा पिवळा लख्ख दिसतो, तर तेवढ्याच लाइटनेसचा निळा गडद भासतो. ओकेएलसीएचमध्ये ही तफावत बरीच कमी होते.

त्यानंतर कॉन्ट्रास्ट, म्हणजे मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक, तपासावा. माझ्या मते ही पायरी कधीही गाळू नये. डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या एए पातळीनुसार साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ आणि मोठ्या मजकुरासाठी ३:१ गुणोत्तर लागते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर #७६७६७६ हा करडा रंग ४.५४:१ मिळवून उत्तीर्ण होतो, पण #७७७७७७ हा ४.४८:१ वर अडकतो, आणि हा फरक नुसत्या नजरेने कळत नसल्याने अंदाजावर विसंबू नये.

शेवटी पॅलेट सीएसएस व्हेरिएबल्सच्या (वेबपानाच्या स्टाइलच्या कोडमध्ये नाव देऊन साठवलेल्या मूल्यांच्या) रूपात एक्स्पोर्ट करावे. नावे ‘निळा’ अशी न देता ‘मुख्य बटण’, ‘इशारा’ अशी वापरानुसार द्यावीत, म्हणजे पुढे रंग बदलला तरी कोडमध्ये ठिकठिकाणी नावे बदलत बसावे लागत नाही.