एमजीबीच्या पुढच्या नव्या स्प्रिंगा बसवताना

1962 ते 1980 दरम्यान बनलेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची पुढची कॉइल स्प्रिंग खालच्या स्प्रिंग पॅनमध्ये, म्हणजे तिला खालून धरणाऱ्या बशीसारख्या पत्र्यात, दबलेली असते. पॅनचे सगळे बोल्ट एकदम सोडू नका. स्प्रिंग गोळीसारखी सुटते, हात जायबंदी होतो. समोरासमोरचे दोन बोल्ट काढून तिथे लांब, मजबूत आटेदार रॉड नटांसह घाला, मगच उरलेले काढा. दोन्ही नट आळीपाळीने थोडेथोडे सोडत पॅन खाली आणा. नवी स्प्रिंग याच रॉडांनी वर ओढायची, आट्यांना ग्रीस लावून. गाडी जॅकवर नाही, भक्कम स्टँडवरच हवी. स्प्रिंगा जोडीनेच बदला. आतल्या रबरी बुशांचे (सस्पेन्शनच्या सांध्यांत बसणाऱ्या रबरी नळ्यांचे) नट मात्र गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं.